पंख्यापुढचा तांब्या

१

लाकूड बघायचं म्हटलं की झुंबर मिस्त्री आधी डोळे मिटायचा. हात फिरवायचा, नखानं टिचकी मारायचा, वाकून वास घ्यायचा. एवढं सगळं सावकाश झालं की मग डोळे उघडून सांगायचा, हा डांगी साग, हा बर्माचा, आणि हा नुसता रंगवलेला आंबा, उचला इथून. शाळेची पायरी त्यानं कधी चढली नव्हती. पण नाशिकरोडपासून सिन्नरपर्यंत जुन्या लाकडाचा भाव त्याच्या जिभेवर ठरायचा.

साठी उलटली होती. मुलगी सिन्नरला दिलेली. घरात तो आणि सुलाबाई, दोघंच. दोन खोल्या आणि मागच्या अंगाला पत्र्याची शेड. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्याच्या उंबऱ्याला लिंबू-मिरची लागली नव्हती, की कुणापुढं नैवेद्य ठेवला गेला नव्हता. सकाळी सहाला नळ यायचा. सुलाबाई दोन हंडे, कळशी, माठ आणि शेवटी पितळेचा तांब्या भरायची, आणि मग चहा. पंचवीस वर्षांत या क्रमात बदल नव्हता.

ब्याऐंशी सालचा मे महिना. त्या चहाच्या वक्ताला सावळीराम आला. हा जुन्या वस्तूंचा दलाल, दारं-चौकटी, समया, घड्याळं खेड्यातून उचलून मुंबईच्या बंगल्यांना घालणारा.

"जयभीम मिस्त्री. विमानाचा पंखा ओळखाल का?"

"कसला?"

"लाकडी, दोन पात्यांचा. पेठच्या अंगाला एका म्हातारीच्या गोठ्यात टांगलाय. लढाईच्या वक्ताला डोंगरात पडलेल्या विमानाचा म्हणतात. मुंबईच्या एका शेठला दिवाणखान्यात लावायचाय. अख्खा असला तर तीन हजार, डागडुजीचा असला तर सातशे. अख्खा हाय का डागाचा, ते तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडचं त्याला चालतं."

आतून सुलाबाई म्हणाली, "आणा हो पंखा. उन्हाळ्याचा वारा तरी लागंल मला. चाळीस वर्षांत एक विजेचा पंखा नाही झाला तुमच्या हातून."

सावळीराम हसला. झुंबर हसला नाही. बशीतला चहा त्यानं तसाच धरून ठेवला. वर साय धरली तरी पिला नाही.

२

गोठा डोंगराच्या उतारावर होता. नागलीचा पेंढा, शेणाचा वास, दोन बैल. आणि मागच्या खांबाला, जाड मेखेत मधलं भोक अडकवून, तो पंखा टांगलेला. माणसापेक्षा दीड हात उंच. वरचं पातं आढ्याच्या अंधारात गेलेलं आणि खालच्या पात्याला दावं बांधलेलं, जनावराला बांधतात तसं.

त्याच्या बुडाशी पाण्यानं भरलेला तांब्या.

घरची मालकीण भागीबाई. पन्नाशीचीच असंल, पण डोंगरात बाई लवकर म्हातारी होते. तिचा दीर बुधा दाराशी उभा राहिला, आत आला नाही.

"बांधलाय कशाला?" झुंबरनं विचारलं.

"फिरतो."

"इथं वारा कुठून येतो?"

"वारा नाय येत," भागीबाई म्हणाली.

सावळीरामनं झुंबरला डोळा मारला. झुंबरनं तांब्याकडं बोट केलं. "आणि हे?"

"मागतो."

"म्हातारीच्या डोक्यात हाय कायतरी," बुधा दारातून म्हणाला. पण बोलताना तो पंख्याकडं बघत नव्हता, बैलांकडं बघत होता.

"माझ्या डोक्यात? तू पाळण्यात होतास रे," भागीबाई म्हणाली. मग झुंबरकडं वळली. "मी नवी नवरी होते. विमान पडलं त्या दरीतून तीन दिस आवाज येत होता. पाणी मागत होता. सासऱ्यानं कोणाला जाऊ दिलं नाय."

"का?"

"जित्या माणसाच्या विमानाचा पत्रा कसा घ्यायचा? चौथ्या दिशी आवाज थांबला. मंग गेले सगळे कोयते घेऊन."

हे तिनं एखादीनं भाताची लावणी सांगावी तितकं सरळ सांगितलं. एक बैल फुरफुरला.

झुंबरनं डोळे मिटले आणि हात पंख्यावर ठेवला. नऊ पट्ट्या एकावर एक चिकटवलेल्या. कडेला पितळी पत्रा, बारीक रिबिटा. अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, पण बोटांना अक्षरांची गरज नव्हती. हात मधल्या भोकाशी गेला, आतल्या कडेला वळला. तिथं पटाशीचे तीन उभे घाव होते आणि एक तिरपा.

त्यानं हात काढून घेतला, चटका बसल्यासारखा.

"काय मिस्त्री, ओळखीचा निघाला?"

"तोलावर चढवल्याशिवाय सांगता येत नाही," झुंबर म्हणाला. "शेडवर न्यावा लागंल."

सावळीरामच्या जीपमध्ये पंखा बांधून झाला तेव्हा भागीबाई तांब्या घेऊन आली. "सकाळी एकदा भरून ठेवा. कोणाच्याबी हातचा चालतो."

"आमच्यात हे असलं चालत नाही, बाई."

भागीबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. "पाणी पण चालत नाय का तुमच्यात?"

झुंबर जीपमध्ये चढून बसला. तांब्या तिच्या हातातच राहिला आणि जीप निघाली.

३

तीन उभे आणि एक तिरपा. ही खूण जगात एकाच माणसाची होती.

लढाईच्या वर्षांत देवळालीकडच्या माळावर एका ठेकेदाराची शेड होती. तिथं विमानाचे लाकडी पंखे दुरुस्त व्हायचे. झुंबर तेव्हा बावीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला. पंखा तोलणं हे त्याचं काम. पंख्याच्या भोकातून पोलादी दांडा घालायचा, दांडा दोन धारदार पट्ट्यांवर ठेवायचा. जड पातं आपोआप खाली येतं. मग हलक्या पात्यात शिसं भरायचं, ते थोडं थोडं, पंखा कसाही फिरवा, सोडाल तिथं थांबेपर्यंत. तोल झाला की मधल्या भोकात आपली खूण मारायची. खूण म्हणजे जबान.

एका आठवड्यात त्यानं दोन पंखे बाद केले. मुकादम म्हणाला, "तिसरा बाद केलास तर उद्यापासून येऊ नको." तिसऱ्या पंख्याच्या एका टोकाला, पितळी पत्र्याखाली, वीतभर लाकूड कुजकं निघालं. असा पंखा हवेत दगा देतो, तो जळणात जायला हवा होता. झुंबरनं कुजकं कोरून काढलं, भुसा आणि सरस भरला, वजन जुळायला वर शिसं ओतलं, आणि पत्रा ठोकून बसवला. तोलावर पंखा झकास थांबला. त्यानं खूण मारली.

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सुलाबाईलासुद्धा नाही. आणि खरं सांगायचं तर, तो स्वतःलाही आठवू द्यायचा नाही.

आता शेडमध्ये त्यानं तोलाची घोडी, म्हणजे तसल्याच दोन धारदार पट्ट्यांची चौकट, मांडली, दांडा घातला, पंखा चढवला. डाव्या पात्याच्या टोकाला टिचकी मारली. बद्द. शिसं आतच होतं. चाळीस वर्षांत दोन्ही पात्यांचं लाकूड वाळून हलकं झालेलं असणार, पण शिसं वाळत नाही, म्हणजे आता शिशाचंच पातं जड. ते खाली यायला पाहिजे. त्यानं पंखा आडवा धरला आणि सोडला.

शिशाचं पातं वर गेलं.

सावकाश गेलं. घाई नव्हती त्याला. चढत चढत बरोबर माथ्यावर जाऊन उभं राहिलं आणि थरथरत राहिलं. खालच्या पात्याला कुणी दोन्ही हातांनी लोंबकळावं तसं.

झुंबर घाबरला नाही, आधी चिडला. जमीन उतरती असंल म्हणून पाणसळ लावली, बुडबुडा मधोमध. घोडी उलटी करून लावली. खालच्या पात्याला डोंगरातला चिखल असंल म्हणून ओल्या फडक्यानं पुसून काढलं. पुन्हा सोडलं. पुन्हा शिसं वर.

ओलं फडकं त्यानं खिळ्याला अडकवलं होतं. हात पुसायला घेतलं तर कोरडं ठणठणीत.

मे महिना, तो स्वतःशी म्हणाला. उन्हाळ्यात काय वाळत नाही.

४

दुसऱ्या दिवशी सुलाबाईनं नेहमीप्रमाणं पाणी भरलं. चहा झाला, भाकरी टाकायला बसली, पिठात घालायला तांब्या उचलला तर हलका.

"तुम्ही पिलात का सगळं?"

"नाही."

माठ बघितला, अर्ध्यावर. खाली जमीन कोरडी. झुंबरनं माठ उचलून उजेडात फिरवला, पाझर कुठं नव्हता. दुपारपर्यंत एक हंडा रिता झाला. सुलाबाईनं आधी मांजराला शिव्या दिल्या, मग शेजारच्या पोरांना, मग नळाला. संध्याकाळी कमरेवर हात ठेवून ती शेडच्या दारात उभी राहिली आणि पंख्याकडं बघून म्हणाली, "सवत आणलीत ती आणलीत, पण तहानलेली आणलीत."

झुंबरनं त्या वेळी तिला भागीबाईचं सगळं सांगितलं. दरीतला आवाज, पत्रा, तांब्या. खुणेचं तेवढं सांगितलं नाही.

सुलाबाई आत गेली, तांब्यात उरलंसुरलं पाणी ओतलं आणि पंख्याकडं निघाली.

"कुठं निघालीस?"

"ठेवते. पाणी तर हाय. आपल्याला नव्हतं का कोण देत? ओंजळीत वरून ओतायचे, आठवतं का?"

"ठेवू नको."

"पूजा नाही करत मी. नुसतं—"

"ठेवू नको म्हटलं ना!"

झुंबरनं तांब्या तिच्या हातातून हिसकला. निम्मं पाणी जमिनीवर सांडलं. इतक्या वर्षांत त्यानं तिच्यावर आवाज चढवला नव्हता, म्हणून तिला राग यायच्या ऐवजी नवल वाटलं.

"आपण असलं मानत नाही," तो खाली बघत म्हणाला. "पाणी ठेवलं म्हणजे मान्य केल्यासारखं होतं."

"काय मान्य केल्यासारखं?"

बावीस प्रतिज्ञांच्या आड उभं राहून तो दुसरंच काही लपवत होता, हे त्याला कळत होतं. सांडलेलं पाणी जमिनीत मुरलं नाही. ते उताराविरुद्ध, घोडीच्या पायांकडं, बोटभर सरकलं आणि दिसेनासं झालं. सुलाबाई आत वळली होती. तिनं ते बघितलं नाही.

५

तिसऱ्या दिवशी नळ आलाच नाही. घरात थेंब नव्हता. सुलाबाई कॉलनीमागच्या जुन्या विहिरीवर गेली, तिथलं हिरवट पाणी आणलं, आणि तहान अशी लागलेली की न उकळता प्याली. पहाटे तिला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. सकाळपर्यंत डोळे खोल गेले.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. "बाबा, औषधापेक्षा पाणी महत्त्वाचं. उकळलेलं पाणी, चिमूटभर मीठ, साखर. मागतील तेव्हा चमच्यानं द्या, थोडं थोडं. हयगय केलीत तर बाई हातची जाईल. संध्याकाळपर्यंत उतार नाही पडला तर मोठ्या दवाखान्यात हलवू."

शेजारच्या विमलाबाईनं आपल्या घरची कळशी आणून दिली, पाणी उकळून दिलं, दुपारपर्यंत बसली, मग बिडीच्या कारखान्याची पाळी होती म्हणून गेली. जाताना म्हणाली, "भाऊ, चमचा सोडू नका हातचा."

झुंबरनं सोडला नाही. लाकडाला पॉलिश देणारा हात, एक थेंब सांडला नाही त्यानं. दोनच्या सुमाराला सुलाबाईचे ओठ जरा ओलसर दिसायला लागले. "बरं वाटतंय," ती म्हणाली. "जरा पडू द्या आता. उद्या सावळीराम येईल, तुमचं काम करा जा."

तांब्या भरून त्यानं तिच्या उशाशी ठेवला. मधलं दार उघडं ठेवलं. शेड आठ पावलांवर.

तो घोडीशी जाऊन बसला आणि हाक आली.

"पाणी..."

तो धावत आत गेला. सुलाबाई झोपलेली. "अगं, हाक मारलीस?"

तिनं कष्टानं डोळे उघडले. "नाही हो. आत्ता कुठं डोळा लागला होता."

त्यानं दोन चमचे पाजले. परत जाऊन बसला. थोडा वेळ गेला.

"पाणी..."

पुन्हा धावला. पुन्हा झोपलेली. तिला हलवलं तशी ती वैतागली. "उठवू नका ना सारखं. मला लागंल तेव्हा मी मागंन की. मला काय तोंड नाही?"

झुंबर शेडमध्ये आला आणि दारात उभं राहून त्यानं नीट कान दिला. आवाज पंख्याकडून होता. पुरुषाचा म्हणावा तर तसा नव्हता, बाईचा म्हणावा तर तसाही नव्हता. घशात ओल उरली नाही की सगळ्यांचा आवाज सारखाच होतो.

त्याला आता घाम फुटला, आणि घामाबरोबर हट्ट चढला. दोनदा फसलो. लाकूड तापलं की वाजतं, त्याला मी ओ देत बसलो आणि आजारी बाईची झोप मोडली. आता उठायचं नाही. किती का हाका येईनात. तो घोडीसमोर बसला, शिशाच्या पात्यावर पंजा दाबून धरला आणि डोळे मिटले.

"पाणी..."

तो हलला नाही.

"पाणी... अहो..."

'अहो' ऐकून तो अर्धवट उठला. पण आत्ताच तर बघून आलो, त्यानं मनाला सांगितलं. तिच्या उशाशी तांब्या भरलेला आहे. हे चाळीस वर्षं गोठ्यात राहून माणसांची भाषा शिकलेलं. मला हलवायला बघतंय. भागीबाईच्या सासऱ्यानं तीन दिवस काढले, मला एक दुपार निघणार नाही?

हा विचार आला तेव्हा त्याला लाज वाटायला हवी होती. त्याला जोर आला.

हाका येत राहिल्या. मग दोन हाकांमध्ये अंतर पडत गेलं. मग नुसता जिभेचा टाळूला लागल्यासारखा आवाज. पत्र्यावरचं ऊन पश्चिमेला कललं. मग काहीच नाही.

आणि त्याच्या पंजाखालचं पातं हललं. वर नाही, खाली. हळूच, दमलेल्या माणसानं हात खाली सोडावा तसं. आडव्याला येऊन थांबलं. झुंबरनं डोळे उघडले. बोटानं ढकललं, ढकललं तिथं थांबलं. उभं केलं, उभं राहिलं. तिरपं केलं, तिरपं राहिलं. इतका शुद्ध तोल त्यानं उभ्या आयुष्यात बघितला नव्हता.

"सुला," तो आनंदानं ओरडला, "झाला गं तोल!"

आणि आठ पावलं चालून दारात आला.

खोलीत उजेड कमी होता. सुलाबाई सतरंजीवरून घसरून जमिनीवर आली होती, हात तांब्याच्या दिशेनं ताणलेला. तांब्या वीतभर लांब होता. त्यानं उशाशी ठेवला होता त्याच्या बराच पलीकडं. आणि तांब्याच्या पलीकडं, भिंतीच्या काळोखात, मान मागं टाकून घटाघटा पिणाऱ्या माणसाचा कंठ हलतो, तसा नुसता कंठ त्याला दिसला. वर तोंड नाही, खाली धड नाही. एकदा वर झाला, एकदा खाली झाला.

झुंबरनं पापणी लववली. भिंतीवर खुंटीला त्याचा सदरा होता. तांब्या आडवा पडला होता, आतून कोरडा.

सुलाबाईची जीभ लाकडासारखी झाली होती.

६

लोक म्हणाले, मिस्त्रीनं खूप केलं, पण रोगच वाईट. डॉक्टर म्हणाला, "मागितलं नाही का त्यांनी पाणी?" झुंबर म्हणाला, "मागितलं." पुढचं त्याला कुणी विचारलं नाही, माणूस दुःखात आहे म्हणून.

माती झाली त्या दिवशी घरी येऊन त्यानं तांब्या भरला आणि पंख्यापुढं ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, पाणी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच, गळ्यापर्यंत भरलेलं, वर एक मेलेली माशी. दोन्ही हंडे भरलेले राहिले. माठ भरलेला राहिला.

पंख्याला आता तहान नव्हती.

पाचव्या दिवशी जलदान होतं. मुलगी सिन्नरहून आलेली. अंगणात पांढरी चादर, सुलाबाईचा फोटो, मेणबत्त्या. भन्तेजींनी परातीत काशाची वाटी ठेवली आणि झुंबरच्या हातात तांब्या दिला. "गाथा चालू असेपर्यंत हळूहळू ओता, बाबा. वाटी भरून वाहायला लागली की झालं."

झुंबर ओतायला लागला. त्याचा हात स्थिर होता. धार बारीक, अखंड. पाणी वाटीत पडताना दिसत होतं, आवाज येत होता. साचताना दिसत नव्हतं.

तांब्या संपला. मुलीनं दुसरा भरून दिला. गाथा संपली. भन्तेजींनी डोळे उघडून वाटीकडं बघितलं, मग झुंबरकडं, आणि पहिल्यापासून गाथा सुरू केली. वाटीचा तळ कोरडा चकाकत होता. त्या तळातून, नाही तर झुंबरच्या कानातून, एक ओळखीचा आवाज येत होता. टाळूला जीभ लागल्याचा.

सावळीराम पांढरा सदरा घालून मागं उभा होता. तो वाकून पुढं सरकला आणि त्याच्या कानाशी लागला. "मिस्त्री, ही वेळ नाही विचारायची, पण मुंबईचा माणूस उद्या येतोय. अख्खा का डागाचा, एवढंच सांगा. काय भाव धरू?"

झुंबरनं मान वर केली नाही. रिकामा तांब्या मुलीकडं दिला, तिसरा घेतला.

"थांब जरा," तो म्हणाला. "अजून भरलं नाही."